वाड्याचं ‘मूळ रूप’ शोधण्याआधी त्याची बिऱ्हाडं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यातल्या जुन्या पेठेत तुमचा दोन चौकी वाडा आहे. पणजोबांच्या आधीपासूनचा. पुढच्या चौकात कधीकाळी प्राथमिक शाळा भरायची, नंतर एका पतसंस्थेचं कार्यालय होतं, आणि मागच्या चौकात पाच-सहा भाडेकरू होते. आता सगळं रिकामं झालंय. भावंडांनी पैसे काढायचं ठरवलंय आणि ठेकेदार म्हणतोय, ‘नंतरचं सगळं खरवडून काढू, मूळ पेशवेकालीन रूप देऊ, पुढे पर्यटकांना खोल्या द्या.’ कौलावर 1865 हे साल सापडलंय म्हणून वाडा त्या वर्षीचा धरावा का, आणि ‘मूळ रूप’ कसं ठरवावं, हे तुम्ही विचारलंय.

मी गेली सव्वीस वर्षं सातारा, वाई, कराड भागात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करतोय. त्या अनुभवावरून आधी ठेकेदाराला थांबवा म्हणेन. कायमचं नको, पण पावसाळा संपेपर्यंत तरी.

कौलापासून सुरुवात करू, कारण तिथे बहुतेक जण फसतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत कौलाच्या पोटावर ‘बेसल मिशन’ आणि ‘1865’ ही अक्षरं उठावात आहेत. ते साल कौल भाजल्याचं नाही. बेसल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल 1865, आणि पुढची कित्येक वर्षं ते त्यांच्या मालावर छापलं जात राहिलं. आपल्याकडे घाटावर ही कौलं मोठ्या प्रमाणात पोचली ती रेल्वे आल्यावर. पहिल्या महायुद्धानंतर तो धंदा कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेला आणि नाव बदललं. म्हणजे तुमचं कौल एवढंच सांगतं की महायुद्धाच्या आधी कधीतरी छप्पर उतरवून मंगळुरी कौलं घातली गेली. त्याआधी तिथे नळीची कौलं असणार. माळ्यावर, भिंतीच्या माथ्याशी हात घालून बघा. नळीच्या कौलांचे तुकडे अजून मिळतील, कारण जुने गवंडी ती टाकून देत नसत, फटी भरायला वापरत.

मागच्या सोप्यात, म्हणजे चौकालगतच्या खांबांच्या ओसरीत, जो लोखंडी गर्डर दिसतो त्याच्या पोटावरही काहीतरी लिहिलेलं असतं. गंज तारेच्या ब्रशने हलकेच काढा. ‘टाटा’ असेल तर तो 1912 च्या आधीचा असूच शकत नाही, कारण जमशेदपूरला पोलाद त्या वर्षी निघायला लागलं. आमच्या धंद्यात वाड्याचं वय असंच निघतं, तुकड्यातुकड्याने. आणि बहुतेक वेळा हाती एक वय लागतच नाही, चार-पाच लागतात.

आता ‘पेशवेकालीन’बद्दल. साताऱ्यात प्रत्येक वाडा पेशवेकालीन असतो, निदान मालकाच्या तोंडी तरी! पण सातारा ही छत्रपतींची राजधानी. 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा वसत गेल्या. पेशवाई 1818 ला संपली, पण साताऱ्याचं राज्य त्यानंतरही तीस वर्षं चाललं. प्रतापसिंह महाराजांच्या काळात शहराला रस्ते, पाणी, शाळा, छापखाना मिळाला आणि पेठांमध्ये बांधकामाला जोर आला. तुमच्या पुढच्या चौकाच्या खांबांवरचं कोरीवकाम मला त्या काळानंतरचं वाटतं. फोटोवरून नक्की सांगणं मात्र चुकीचं होईल. आणि तो पेशवाईतला नसेल तर त्यात कमीपणा कसला?

‘मूळ रूप’ या शब्दाने किती घोटाळा होतो हे पाहायचं तर तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राजवाडा आहे. आज ‘राजवाडा’ म्हटलं की सातारकराला आधी भेळ, मग गोलबाग आणि एसटीचा थांबा आठवतो, इमारत शेवटी. तिथे खरं तर दोन वाडे आहेत. जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांनी 1824 मध्ये बांधला. त्याला लागून असलेला नवा राजवाडा 1838 ते 1844 या काळात स्मिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली उभा राहिला. तारखा नीट लावून बघा. काम सुरू झालं तेव्हा गादीवर प्रतापसिंह होते. 1839 मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. वाडा पुरा झाला तेव्हा गादीवर त्यांचे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज होते. 1848 च्या एप्रिलमध्ये तेही वारले आणि इंग्रजांनी वारस नामंजूर करून राज्य खालसा केलं. म्हणजे राजवाडा म्हणून बांधलेली ती इमारत राजाचा वाडा होती ती पुरती चार वर्षं. त्यानंतरचं तिचं सारं आयुष्य कचेऱ्या, कोर्ट, पक्षकार आणि वकिलांच्या वर्दळीत गेलं. तिचं मूळ रूप कोणतं म्हणाल?

जुन्या राजवाड्याचं त्याहून पुढचं. तिथे सरकारी शाळा भरू लागली आणि 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी त्या शाळेच्या रजिस्टरात 1914 या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव नोंदलं गेलं. ती शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली गेली, आणि 2017 पासून राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आता कल्पना करा की कोणी ठेकेदार उठला आणि म्हणाला, 1824 नंतरचं सगळं खरवडून काढू. वर्गांचे पडदे, खिडक्यांचे बदल, जिन्याची झीज, सगळं. त्या वास्तूकडे लोक आज ज्यासाठी हात जोडून बघतात तेच पुसलं जाईल.

वाईजवळ मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा तुम्ही पाहिला असेलच. 1768 मध्ये हे गाव नानांना इनाम मिळालं, मग कृष्णेकाठी घाट, देवळं आणि सहा चौकांचा वाडा झाला. मेणेश्वराच्या देवळाजवळची ती प्रचंड घंटा सगळे बघतात. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली, अंगावर 1707 साल असलेली. (इथेही तेच. घंटेवरचं साल घंटेचं, देवळाचं नव्हे.) पण मला त्या वाड्यात जास्त मोलाचं वाटतं ते वेगळं. 1800 मध्ये नाना गेले. पुढे पेशवाई बुडाली, सत्ता गेली. नानांच्या पत्नी जिऊबाई यांनी आपली उरलेली वर्षं तिथे काढली. कारभाऱ्याचा वाडा एका विधवेचं घर झाला, आणि घर म्हणून तो वापरात राहिला म्हणूनच आतले दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, टिकले. पुढे द. ब. पारसनीसांसारख्या संग्राहकांच्या हाती ते कागद पडले आणि मराठ्यांच्या इतिहासाचं मोठं साधन झालं. पारसनीसांचा साताऱ्यातला संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. अलीकडे मेणवलीला सिनेमाची चित्रीकरणं होतात. नाकं मुरडणारे मुरडोत, त्या निमित्ताने वाड्यात माणसांचा वावर तरी राहतो.

तुमच्या वाड्याचंही असंच झालेलं असणार, लहान प्रमाणात. राज्य गेल्यावर इनाम कमिशनने 1852 पासून सनदा तपासायला घेतल्या. ज्यांच्याकडे कागद नव्हते त्यांची इनामं गेली. मग घरातला एक मुलगा इंग्रजी शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागला. पुढची देवडी, जिथे पहारेकरी बसायचा, ती शिंप्याला दिली गेली. दिवाणखान्यात शाळा आली. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये ब्राह्मणांची घरं जाळली गेली, त्या जळिताची झळ या जिल्ह्यात ज्यांना लागली त्यांना लागली. तुमच्या मागच्या चौकातल्या दोन तुळया मला जळक्या वाटतात, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना हे हळुवारपणे विचारा. कोणी बोलायला तयार नसेल तर रेटू नका. मग 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला, कुळांना जमिनी मिळाल्या आणि वाड्याला पोसणारं धान्य यायचं बंद झालं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. लाकडी सांगाडा हलला आणि परत जागेवर बसला, पण त्यात भरलेल्या विटांच्या भिंतींना तडे गेले. ते तडे ज्याने ज्याला परवडलं त्या मालाने बुजवले. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक वाड्यांमध्ये सिमेंटची पहिली थापी त्या साली पडलेली आहे.

हे सगळं भिंतीवर वाचता येतं. मी कोणत्याही वाड्यात गेलो की पहिल्यांदा मोऱ्या मोजतो. एका कुटुंबाच्या वाड्यात एखाद-दुसरी मोरी असते. प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात बोटभर उंचीची मोरी दिसली की समजायचं, इथे तितकी बिऱ्हाडं होती. मग छताकडे बघायचं. कडीपाटावर जिथे काजळीचा गडद पट्टा असेल तिथे खाली चूल होती. मोरी आणि काजळी या दोन गोष्टींवरून बिऱ्हाडांचा नकाशा तयार होतो. भाडंसुद्धा खणावर असायचं. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, साधारण पाच फूट. ‘दोन खणात चौघं भाऊ वाढलो’ असं सांगणारी माणसं अजून साताऱ्यात आहेत. त्यांना एकदा वाड्यात चहाला बोलवा. कुठल्या खांबाला काय बांधलेलं होतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल.

यावरून माझी स्वतःची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका तालुक्याच्या गावी वाड्याचं काम घेतलं होतं. पुढच्या सोप्यातल्या भिंतीवर साधारण सात फूट लांब, चार फूट उंच काळा डाग होता. मला वाटलं काजळी आणि ओल. मी मिस्त्रींना सांगितलं, खरवडा. तासाभरात भिंत साफ. चार दिवसांनी घरातल्या आजींनी ट्रंकेतून भाड्याच्या पावत्या काढल्या. लोकल बोर्डाने शाळेसाठी सोपा भाड्याने घेतल्याच्या. तो डाग म्हणजे शाळेचा फळा होता. भिंतीवर चुन्याचा गुळगुळीत हात मारून त्यावर कोळशाची पूड आणि डिंक चढवलेला. जवळच गुडघ्याच्या उंचीवर खिळ्यांची एक रांग होती, तिचा अर्थ मला तेव्हा लागला. पोरांची दप्तरं. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, ‘आमचे हे याच भिंतीपुढे बाराखडी शिकले.’ तेव्हापासून कुठल्याही भिंतीला हत्यार लावण्याआधी मी घरातल्या ट्रंका उघडायला सांगतो.

तुमच्या बाबतीत ट्रंका म्हणजे काय काय? सिटी सर्व्हेची सनद आणि मालमत्ता पत्रक, नगरपालिकेचा आकारणी उतारा (जितका जुना मिळेल तितका, त्यात भोगवटादारांची नावं आणि वापर लिहिलेला असतो), भाडेपावत्या, कोर्टाचे दावे, वाटणीपत्र. वाटणीपत्राला हसू नका. भावाभावांच्या भांडणाने वाड्याचं जेवढं नेमकं वर्णन लिहून ठेवलंय तेवढं कुठल्याच इतिहासकाराने नाही. ‘पूर्वेकडील सोपा तीन खण, त्यावरील माडी, जिन्याचा वापर उभयतांचा’ असं सगळं असतं. मोडीतले कागद असतील तर वाचून देणारी माणसं आहेत. फक्त कागद लॅमिनेट करू नका, ही कळकळीची विनंती.

आता ठेवायचं काय आणि काढायचं काय. माझा नियम असा की निर्णय वाड्याचा करायचा नाही, एकेका खणाचा करायचा. आणि खणाला पहिला प्रश्न वयाचा विचारायचा नाही. हा बदल लाकूड-भिंतीला मारतोय का, ते विचारायचं.

मोऱ्या काढा, सगळ्या, दया न दाखवता. खांब दगडी उथळीवर, म्हणजे बुडाच्या बैठकीवर, उभा असतो तो जमिनीची ओल लाकडापर्यंत पोचू नये म्हणून. भाडेकरूंच्या काळात फरशी वर आली, मोरीचा कठडा खांबाला भिडला आणि उथळी गाडली गेली. खांब वरून ठणठणीत दिसतो, पण बुडाशी पटाशी टोचली की ती लोण्यात गेल्यासारखी आत जाते. तुमच्या मागच्या चौकातला उजवीकडून दुसरा खांब फोटोत किंचित खचलेला दिसतो. त्याच्या वरची तुळई टेकू देऊन पेलून धरा. कुजलेला भाग कापून जुन्याच सागाचा जोड बसवता येतो, अख्खा खांब बदलायची गरज नसते. हे काम गावातल्या जुन्या सुताराकडूनच करून घ्या. ज्याने आयुष्यभर प्लायवुडचीच कपाटं केली आहेत त्याच्याकडून नको.

सिमेंटचा गिलावा काढा, पण एका भिंतीचा आधी, तोही हाताने, छिन्नी-हातोडीने, यंत्राने नव्हे. चुना-मातीतली वीट ओल शोषते आणि सोडते. वर सिमेंट बसलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती वर चढत जाते आणि भिंतीला लोणा लागतो. पांढरी भुकटी सुटते, वीट आतून पिठासारखी होते. गिलावा निघाल्यावर भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्या. मग चुना. चुन्याच्या घाण्यात मळलेला, चांगला मुरलेला. आमच्याकडे जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळाचं पाणी आणि हिरडा घालतात. पोती फोडून दुसऱ्या दिवशी लावलेला चुना म्हणजे चुन्याच्या नावाने फसवणूक. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात ‘पेशवेकालीन फिनिश’ असं जे लिहिलंय ते बहुतेक सिमेंटवर पिवळसर रंग आणि वर खोट्या विटांच्या रेघा, एवढंच असेल. त्याला विचारा, चुना किती दिवस मुरवणार. उत्तरावरून कळेल.

आणि ठेवायचं? मंगळुरी कौलं ठेवा. नळीच्या कौलांचा हट्ट धरू नका. ती दरवर्षी शाकारावी लागतात आणि माकडं साताऱ्यात कमी नाहीत. दिवाणखान्यातली पतसंस्थेची लाकडी जाळी आणि रोखपालाची खिडकी ठेवा. मला माहीत आहे, तुम्हाला ती कुरूप वाटते. पण तिथून तुमच्या पेठेतल्या किती घरांनी लग्नाला आणि बियाण्याला कर्ज काढलं असेल? खोल्या भाड्याने द्यायच्या असतील तर तीच खिडकी तुमची चौकशीची जागा होऊ शकते. माडीवरची विजेची जुनी लाकडी पट्टी आणि चिनीमातीची बटणं शोभेला राहू द्या, पण त्यातून प्रवाह जाऊ देऊ नका. नवी वायरिंग वेगळ्या नळीतून, ती नळी सगळी भिंतीवरून, दिसेल अशी. लाकडी सांगाड्यात विजेची ठिणगी म्हणजे काय हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

संडास-बाथरूमचं तेवढं कठोर व्हा. पर्यटक आले की प्रत्येक खोलीला पाणी लागणार, आणि पाणी म्हणजे नव्या रूपातल्या मोऱ्याच. ते सगळं वाड्याच्या सांगाड्यात न घुसवता परसात, विहिरीच्या बाजूला वेगळ्या बांधकामात घ्या. पाहुण्यांना अंगण ओलांडून चार पावलं जावं लागेल. जाऊ देत. नाहीतर दहा वर्षांनी मला परत खांबांना जोड द्यायला बोलवाल. मला काम मिळेल, पण वाड्याचं बूड जाईल.

मागच्या चौकातल्या बिऱ्हाडांच्या आडव्या भिंतींबद्दल मात्र मी आज बोलत नाही. काही निव्वळ पत्र्याच्या आहेत, त्या सहज निघतील. पण एक विटांची दिसते आणि ती खचलेल्या खांबावरच्या तुळईच्या बरोबर खाली आहे. भाडेकरूने आडोसा म्हणून बांधली असेल, पण आज कदाचित छत तिनेच धरलेलं असेल. ती काढण्याआधी तिच्या डोक्यावर काय बसलंय हे बघायलाच हवं.

तेव्हा आत्ता एवढंच करा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायात पडतंय, तिथली पन्हळ पावसाआधी नीट करून घ्या. आणि दिंडी दरवाजातून आत शिरताना डावीकडच्या पहिल्या खांबावर, खांद्याच्या उंचीला, रंगाखाली काहीतरी कोरलेलं दिसतंय. आकडे असावेत, कदाचित भाडेकरूंचे खोली क्रमांक. सकाळच्या तिरक्या उन्हात त्याचा जवळून फोटो काढून पाठवा. रंग खरवडू नका.